लिमिट काढून देणाऱ्या दादांस

आदरणीय कॉम्प्युटरवाले दादा,


पत्रास कारण की, तुम्ही आमच्याकडे बसवून दिलेला हीटर उत्तम चालू आहे. मे महिना, छावणीतलं जुनं घर, थेट गच्चीखालची खोली आणि दुपारचे दोन. अशा वेळी खोलीत आणखी थोडी ऊब हवी, ही गरज आम्हाला कधी जाणवलीच नव्हती. तुम्हाला ती न सांगता कळली. आम्ही पैसे मोजले होते कॉम्प्युटरचे. हीटर तुम्ही वरकड घातलात. आजच्या काळात गिऱ्हाइकाची एवढी काळजी कोण करतं?

पत्र उघड्यावर लिहितोय, पण तुमचं नाव लिहीत नाही आणि दुकान कुठल्या गल्लीत आहे तेही सांगत नाही. एक तर फुकटची जाहिरात नको. दुसरं म्हणजे तुमचे भाऊबंद गावोगाव आहेत. प्रत्येकाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं, तर माझा टपालखर्च वाचेल.

त्या शुभदिनाची आठवण करून देतो. चिरंजीवांची दहावीची परीक्षा संपली आणि ‘परीक्षा झाली की गेमिंगचा कॉम्प्युटर’ हा माझ्या तोंडून कधीतरी निसटलेला शब्द त्याने वसूल केला. तुम्ही काचेचा डबा घेऊन आलात. आत लाल-निळे दिवे, गोल फिरणारे पंखे. गणपतीच्या मखराला लाजवील असा थाट. सोबत १४४ हर्ट्झचा मॉनिटर. ‘साधा ६० चा घेऊ नका काका, पैसे वाया जातात,’ असा मोलाचा सल्ला देऊन तुम्ही त्याचे जास्तीचे काही हजार लावले होते. मग तुम्ही गेम उघडला, सेटिंगमध्ये शिरलात आणि ‘फ्रेम रेट लिमिट : ६०’ ही ओळ दिसताच भातात खडा लागल्यासारखा चेहरा केलात. दोन क्लिक. ६० च्या जागी ‘अनलिमिटेड’. आणखी एक क्लिक, व्ही-सिंक बंद. ‘काका, सगळी लिमिटं काढून टाकली. आता बघा कसं एकदम मक्खन चालतं!’

आणि खरोखर, पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा ६० वरून थेट ३०० वर गेला. खेळ अजून सुरूही झाला नव्हता. समोर नुसती यादी होती: नवा खेळ, जुना खेळ, सेटिंग, बाहेर पडा. जागची न हलणारी ती चार ओळींची यादी तुमचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ३०० वेळा नव्याने चितारत होतं, आणि आम्ही बाप-लेक त्या आकड्याकडे मटका लागल्यासारखे बघत होतो. पावतीवर तुम्ही शेवटची ओळ लिहिलीत: ‘गेमिंग ऑप्टिमायझेशन : ५०० रुपये’. मी हसत हसत दिले. माझं ते हसू तुमच्या आठवणीत असेल, तर ते मी परत मागतोय.

पुढच्या आठवड्यात मक्खनाचे गुण दिसू लागले. डब्यातले पंखे असे घोंघावू लागले की खालच्या खोलीतून आईने विचारलं, ‘एवढ्या उन्हाचं कोणाकडे दळण चाललंय रे?’ खेळात गाडी वळवली की चित्र आडवं फाटायचं. मधूनच सगळं अर्ध्या क्षणासाठी अडखळायचं आणि मग उडी मारून पुढे जायचं. पोरगा म्हणायचा, ‘बाबा, आकडा तर शंभराच्या वर आहे, तरी अटकतंय.’ मी तुम्हाला फोन केला. तुम्ही क्षणभरही न दवडता निदान केलंत: ‘कार्ड छोटं पडतंय काका. वरचं टाकू. चाळीस हजारात बसवून देतो.’ आणि मग एका रविवारी, भर दुपारी, तुमचं मखर स्वतःहूनच विझलं. मक्खनाचं तूप झालं होतं.

चाळीस हजारांसाठी मी बँकेत जाणार, एवढ्यात पुण्याला शिकणारी माझी भाची सुट्टीला आली आणि तुमचा धंदा बुडाला. पोरीने डब्याला हात लावला नाही. डेस्कटॉपवर उजवं क्लिक केलं, दोन पाट्या उघडल्या आणि विचारलं, ‘मामा, मॉनिटर १४४ चा ना? मग हा ६० वर का चाललाय?’

दादा, जरा थांबून या क्षणाचा आनंद घ्या. ज्या १४४ साठी तुम्ही आमच्याकडून जास्तीचे पैसे घेतलेत, तो मॉनिटर तुम्ही स्वतःच्या हातांनी ६० वर ठेवून गेला होतात. आणि ज्या कार्डाला ६० वर थांबायला सांगितलेलं होतं, त्याला मोकाट सोडलंत. जिथे वाढवायचं तिथे वाढवलं नाही, जिथे बांधायचं तिथे सोडलं. एवढी अचूक चूक करायला तपश्चर्या लागते.

आता तुमच्या माहितीसाठी, म्हणजे जी माहिती पाचशे रुपये घेताना तुमच्याकडे असायला हवी होती ती, भाचीने मला जशी सांगितली तशी सांगतो.

कार्ड चित्रं, म्हणजे फ्रेम, काढतं आणि मॉनिटर ती दाखवतो. ही दोन वेगळी माणसं आहेत, असं समजा. कार्ड म्हणजे आचारी, मॉनिटर म्हणजे पंगत. ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे सेकंदाला ६० पानांची पंगत. एका पानाला साधारण १६.७ मिलिसेकंद. १४४ चा असेल तर पानं १४४ आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७ मिलिसेकंद. आता ६० पानांच्या पंगतीला आचाऱ्याने ३०० ताटांचा स्वयंपाक केला तर काय होईल? जेवणारे वाढत नाहीत. गॅस जळतो, आचारी घामाघूम होतो आणि अन्न उकिरड्यावर जातं. आमच्या घरी उकिरडा म्हणजे खोलीतली हवा.

बरं, नुसतं वाया गेलं असतं तरी चाललं असतं. व्ही-सिंक बंद असला की आचारी पंगत उठायची वाटच बघत नाही. पान अर्धं वाढून झालं तोवर पुढचं ताट त्यावरच ओततो. मॉनिटर चित्र वरून खाली ओळीओळीने रंगवत असतो. मध्येच नवं चित्र हाती आलं, तर तिथून खालचा भाग नव्या चित्राचा. म्हणजे ३०० च्या वेगाने एकेका चित्रात पाच पाच चित्रांचे तुकडे. आमच्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल विकायला येतात. समजा एखाद्या व्यापाऱ्याने तुम्हाला असा बैल दाखवला, ज्याची शिंगं मघाच्या जागी आहेत, मान एक वीत पुढे आणि पाय त्याच्याही पुढे. तुम्ही घ्याल का? आम्हाला मात्र हाच बैल तुम्ही ‘मक्खन’ म्हणून विकलात. फाटकं चित्र म्हणतात ते हेच. कार्ड छोटं पडल्यामुळे ते फाटत नव्हतं. पंगतीशी वाढपाचा मेळ नव्हता म्हणून फाटत होतं. त्यावर चाळीस हजारांचा आणखी दांडगा आचारी आणून तुम्ही फाटलेलं शिवणार होतात, याचं मला अजून कौतुक वाटतं.

व्ही-सिंक चालू केला की आचारी पंगतीची घंटा ऐकून वाढतो आणि फाटणं थांबतं. पण तोही तसा सोवळ्याचा माणूस. जुन्या साध्या पद्धतीत ताट घंटेला किंचित उशिरा तयार झालं, की ते सरळ पुढच्या घंटेपर्यंत थांबवलं जातं. १६.७ च्या जागी १७ लागले तरी मोजायचे ३३.३. म्हणजे ६० वरून धाडकन ३०. ही अडचण कमी करण्यासाठी २०१३ मध्ये एन्व्हिडियाने जी-सिंक आणलं, पाठोपाठ एएमडीचं फ्रीसिंक आलं. त्यात उलटं होतं: घंटाच आचाऱ्याच्या हातात जाते, ताट तयार झालं की पंगत बसते. तुम्ही विकलेल्या मॉनिटरमध्ये फ्रीसिंक आहे. खोक्यावर ठळक छापलंय. आणि हो, तेही बंदच होतं. सातत्य म्हणतात ते हे.

आता तुमच्या त्या हिरव्या आकड्याविषयी. आपल्या शहरातल्या माणसाला सरासरीतला खोटेपणा समजावून सांगायला लागू नये. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. महिन्याचे लिटर मोजून तीसने भागले की कागदावर रोजचं पाणी छान भरतं. पण मंगळवारी रिकाम्या टाकीत डोकावणाऱ्या माणसाला त्या सरासरीने आंघोळ घालता येते का? फ्रेमचंही तसंच आहे. एका सेकंदातली ५९ चित्रं पहिल्या अर्ध्या सेकंदात उरकली आणि उरलेल्या अर्ध्यात एकच दिलं, तरी आकडा म्हणणार ६०. डोळा म्हणणार, अटकलं. डोळ्याला एकूण बेरजेशी कर्तव्य नसतं. दोन चित्रांमधलं अंतर सारखं आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. छावणीत राहणाऱ्याला हे पाठच असतं. सकाळी मैदानावरून जवानांच्या कदमतालाचा आवाज येतो. ठोके मोजायला कोणी बसत नाही, पण एकाचा पाय चुकला की गॅलरीतल्या म्हाताऱ्यालाही कळतं.

लिमिट काढलं की नेमकं हेच बिघडतं. मोकळ्या रस्त्यावर १३०, चौकात गर्दी आली की ८५, भिंतीकडे तोंड केलं की २००. प्रत्येक वळणावर चाल बदलते. लिमिट लावलं की मशीन आपल्या ताकदीच्या थोडं खाली चालतं. गर्दी आली तर हाताशी उसंत असते आणि चाल मोडत नाही. म्हणून ते लिमिट तिथे ठेवलेलं होतं, दादा. गेम बनवणाऱ्यांनी विसरून सोडलेला खडा नव्हता तो.

थोडा इतिहासही ऐका, कारण तुम्ही या परंपरेत एकटे नाही. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ बाजारात आला तेव्हा त्याच्या मेन्यूच्या स्थिर पडद्यांना लिमिट नव्हतं. कार्डं तापायला लागली. शेवटी कंपनीने सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी हाताने लिहायला सांगितल्या. खेळासाठी ६०, मेन्यूसाठी ३०. २०२१ च्या जुलैत ‘न्यू वर्ल्ड’ची चाचणी सुरू असताना काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची झोपली. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने नंतर काही नगांच्या डागकामात दोष असल्याचं कबूल केलं, म्हणजे सगळं पाप गेमच्या माथी मारता येणार नाही. पण गेमवाल्यांनीही आपल्या मेन्यूला तातडीने लिमिट लावलं. मेन्यूत बसून कार्ड मारता येतं, ही विद्या तुमच्या आधीपासून ज्ञात आहे. तुम्ही फक्त ती घरपोच दिलीत.

आणि काही खेळांत तर लिमिट काढलं की जगच बदलतं. २००६-०७ च्या सुमारास मी सायबर कॅफेत तासावर ‘सॅन अँड्रियास’ खेळायचो. त्यात ‘फ्रेम लिमिटर’ नावाचा खटका होता. चालू ठेवला की खेळ २५ वर चालायचा. आमच्यातलाच एक शहाणा, तुमचाच कोणी पूर्वसुरी असावा, तो खटका बंद करायचा. मग पाण्यात पडलेला हिरो हातपाय मारमारून थकायचा, किनारा काही येत नसे. आम्हाला वाटायचं कीबोर्ड खराब. तसं नव्हतं. त्या खेळाने पोहण्याचं गणित चित्रांच्या संख्येवर टांगलेलं होतं. ‘नीड फॉर स्पीड रायव्हल्स’ २०१३ मध्ये ३० वर बांधलेला आला. लोकांनी तो ओढून ६० केला तर गाड्या दुप्पट वेगाने पळायला लागल्या. ‘डार्क सोल्स २’ मध्ये कॉम्प्युटरवर ६० ने खेळणाऱ्यांची तलवार ३० ने खेळणाऱ्यांपेक्षा लवकर झिजायची. ‘स्कायरिम’मध्ये ६० च्या फार वर गेलात तर टेबलावरची भांडीकुंडी आपोआप उडायची. एखाद्या घरात लिमिट काढल्यावर भांडी उडावीत, हे आमच्या सौभाग्यवतींना मुळीच नवल वाटलं नाही.

चाल चित्रांच्या संख्येला बांधण्याची ही रीत जुनीच आहे. बोलपट आले तेव्हा सिनेमाने सेकंदाला २४ चित्रं हा दर धरला. आवाज त्याच पट्टीवर छापलेला, त्यामुळे पट्टी मनाला येईल तशी पळवली तर नायिकेचा गळा बदलणार. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल पद्धत मात्र २५ चित्रांची होती. विजेच्या ५० हर्ट्झशी मेळ घालणारी. मग २४ चा सिनेमा टीव्हीवर कसा दाखवायचा? अशा पद्धतीत तो सरळ २५ च्या चालीने पळवायचे. चार टक्क्यांची घाई. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत आटपायचा आणि गाणी किंचित वरच्या पट्टीत जायची. प्रेक्षक रडायचे तिथे रडायचे, कोणी तक्रार केली नाही. कारण घाई होती, पण चाल एकसारखी होती. तुम्ही आम्हाला दिलीत ती घाईही बिनचालीची.

आता तुमची बाजू. खुलं पत्र असलं म्हणून एकतर्फी निकाल द्यायचा नाही, असं भाचीने बजावलंय. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांत स्पर्धेत उतरणारी पोरं लिमिट मुद्दाम काढतात किंवा खूप वर ठेवतात, हे खरं आहे. कार्डाने जास्त चित्रं काढली की पडद्यावर पोहोचणारं चित्र अधिक ताजं असतं. समोरचा कोपऱ्यातून डोकावला, हे काही मिलिसेकंद आधी दिसतं आणि बंदुकीच्या खेळात तेवढ्यावर जीव वाचतो. फाटलेलं चित्र ते सहन करतात. मान्य. पण आमचे चिरंजीव गाडी चालवतात आणि सिग्नल तोडतात. सिग्नल तोडणं बघायला आमच्या नगर नाक्यावर उभं राहिलं तरी पुरे. त्याला ३०० फ्रेम लागत नाहीत.

शिवाय तुमच्या बाजूलाही एक भगदाड आहे. कार्ड शंभर टक्के गुंतलेलं असलं की त्याच्या दारात कामाची रांग लागते. गिरणीवर दळणाचे डबे लागतात ना, तशी. पोराने बटण दाबलं की त्याचा डबा दोन-तीन डब्यांच्या मागे उभा राहतो. आकडा भला मोठा, पण हाताचा हुकूम पडद्यावर उशिरा. लिमिट थोडं खाली लावलं की रांगच लागत नाही. डबा आला, दळला, गेला. म्हणजे ज्या चपळाईसाठी तुम्ही लिमिट काढलंत, तीच लिमिटने वाढते. आपल्याच गावातल्या पाणचक्कीपाशी एकदा जाऊन बसा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून मैलोन्‌मैल आणलं, उंच भिंतीत चढवलं आणि मग ठरल्या धारेने खाली सोडलं. जातं फिरवायचं तर आधी पाणी हाताशी घ्यावं लागतं, हे बांधणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वी कळत होतं. तुम्ही डोंगरच फोडलात आणि पीठ जास्त निघेल म्हणून पोतं पसरून बसलात.

विजेचा हिशेबही मांडतो, तो तुम्हाला आवडेल. त्यात आकडे मोठे होत जातात. समजा मोकाट सुटलेलं कार्ड बांधलेल्या कार्डापेक्षा १५० वॅट जास्त खातं. सुट्टीतला पोरगा, रोजचे चार तास. दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. यातला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतो. मग ती उष्णता हाकलायला कूलर, कूलरला पाणी आणि पाण्याची कथा वर आलीच आहे. डोक्यावर तापलेल्या गच्चीचा स्लॅब, हातात विजेच्या बिलाचा वरचा स्लॅब. दोन्हींच्या मध्ये तुमचं मखर.

शेवटी भाचीने काय केलं ते सांगतो. मॉनिटर १४४ वर नेला, फ्रीसिंक चालू केलं. मेन्यूला ६० चं लिमिट, खिडकी मागे टाकली की ३०. हलक्या खेळांना १३८, म्हणजे मॉनिटरच्या कमाल आकड्याच्या थोडं खाली. मग जड खेळ उघडून सगळ्यात गर्दीच्या चौकात गाडी नेली आणि आकडा कितीपर्यंत पडतो ते बघितलं. ८० च्या आसपास. तिने लिमिट लावलं ७२. १४४ चं बरोबर अर्धं. समजा फ्रीसिंक बंद करून नुसत्या व्ही-सिंकवर चालवलं तरी प्रत्येक चित्र नेमकं दोन वेळा दिसेल, कुठे एकदा तर कुठे तीनदा असा घोळ होणार नाही. नवं काहीही विकत आणलं नाही. हे सगळं गेमच्या सेटिंगमध्ये आणि कार्डासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होतं.

चिरंजीवांना ७२ हा अपमान वाटला. ‘ताई, तीनशेवरून बहात्तर?’ त्यावर तिने माझ्या आईच्या डबीतली एक मोठी लाल टिकली घेतली आणि पडद्याच्या कोपऱ्यात, नेमकी त्या हिरव्या आकड्यावर चिकटवली. त्याला खोलीबाहेर काढलं. एकदा लिमिट लावून, एकदा काढून, त्याच चौकातून त्याला गाडी चालवायला लावली आणि विचारलं, कुठली चाल बरी? तीनदा विचारलं. तिन्ही वेळा पोराने बहात्तरवर बोट ठेवलं आणि आकडा तीनशेच्या जवळचा असणार, असं छातीठोक सांगितलं. टिकली काढून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा तुमची पावती नंतर पुन्हा वाचतानाच्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला.

तर दादा, मागण्या दोनच. पहिली, ते ‘गेमिंग ऑप्टिमायझेशन’चे पाचशे रुपये परत करा. हवे तर त्यातून १८ युनिटांचे पैसे कापून घ्या म्हणालो असतो, पण ते मीच भरलेत. दुसरी, पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाल तेव्हा आधी मॉनिटर किती हर्ट्झवर चाललाय ते बघा आणि मग लिमिट किती ठेवायचं ते त्याच्याशी जुळवून सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्याचे मात्र पाचशे घ्या. मी स्वतः आनंदाने देईन.

पंखे आता शांत आहेत. आईने दळणाची चौकशी थांबवली आहे. पडद्यावरची टिकली आम्ही काढलेली नाही.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपला,
छावणीतला एक काका

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर डेस्कटॉपवर उजवं क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग उघडा आणि त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट बघा. तिथे ६० दिसला, तर हे पत्र तुमच्या दादांनाही आहे. खुशाल पुढे पाठवा.